बोटांनी पळायचं नसतं

शनिवारी सकाळी सव्वानऊला मार्लीसनं गाडीचं सरकतं दार जोरात ओढून बंद केलं, तेव्हा त्या दारात कॉर्व्हेलची तीन बोटं होती.

रात्रभर जूनीची दाढ फुटत होती. चौदा महिन्यांचं पोर ते, दर तासाला किंचाळून उठायचं, मार्लीसच्या खांद्यावर लाळ गाळत पुन्हा झोपायचं. मार्लीस झोपली असेल तर तुकड्यातुकड्यांनी. सकाळी जूनीला गाडीच्या खुर्चीत कोंबलं, पट्टा लावला, मोजा पडला तो उचलला, आणि आता एकदाचं निघू या म्हणून दार ओढलं. कॉर्व्हेल पुढच्या दारातून आत वाकून लेकीच्या नाकाला रुमाल लावत होता, उजवा हात दाराच्या चौकटीवर टेकवून. तिनं पाहिलंच नाही.

"मार्ली," तो म्हणाला, "दार उघड."

जेवताना मीठ मागावं तितक्या शांतपणे म्हणाला. त्यामुळे तिला कळायला जरा वेळ लागला, आणि तो जरासा वेळ पुढे कितीतरी दिवस तिच्या मनातून गेला नाही.

तिनं दार मागे ढकलून त्याचा हात बघितला. मधली दोन बोटं वेडीवाकडी झाली होती, करंगळीचं नख काळं पडत होतं. पोर्ट हॅलनमध्ये हा हात सगळ्यांना माहीत होता. तळ्याकाठच्या आठ गावांच्या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये अकरा वर्षं ह्याच हातानं धावता धावता, उडी मारून, पालथं पडून बॉल झेलले होते. गावाच्या न्हाव्याकडे भिंतीवर ह्या हाताचा फोटो होता. आणि उद्या दुपारी अंतिम सामना होता. अकरा वर्षांतला पहिलाच, आणि शेवटचाही, कारण सोमवारपासून तो शाळेत पूर्णवेळ खेळ शिकवायला लागणार होता. तेहतीस वर्षांच्या गुडघ्यांनी तेवढंच मान्य केलं होतं.

"मी काय केलं," मार्लीस म्हणाली. "कॉर्व्ह, मी काय केलं!"

"दार लावलंस," तो म्हणाला. मग ओठ घट्ट मिटून गाडीला टेकून उभा राहिला.

जूनीनं हसून मोजा पुन्हा खाली टाकला.

* * *

आदल्याच संध्याकाळी, शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला, सगळं गाव चर्चच्या तळघरात जमलं होतं. कागदी ताटात तळलेला पर्च मासा, कोबीचं सॅलड, लिंबाची फोड. आणि रेडिओवर गेला आठवडाभर जो वाद चालला होता तोच इथेही, टेबलाटेबलावर. अजिंक्यपद मिळवायचं तर संघाला कॉर्व्हेलसारखा नावाजलेला रिसीव्हर, पुढे पळत जाऊन बॉल झेलणारा, लागतो का?

मार्लीसचे वडील वेंडेल ह्या बाबतीत ऐकून घेणारे नव्हते. चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात काढलेली, आणि तरुणपणी मधल्या रांगेत खेळलेले, म्हणजे बॉलला हातही न लावता समोरच्या धिप्पाड माणसाला नुसतं ढकलत राहणाऱ्यांपैकी.

"सामना रांग जिंकते," काटा नाचवत ते म्हणाले. "समोरच्याला मागे रेटायचं, डगच्या हातात बॉल द्यायचा, डगनं घुसायचं. झालं. रिसीव्हर म्हणजे ही." त्यांनी लिंबाची फोड उचलून सगळ्यांना दाखवली. "असली तर बरी. नसली तर मासा काय तळायचा राहतो?"

टेबल खदखदलं.

"बाबा, जावई समोर बसलाय तुमचा," मार्लीस म्हणाली.

"म्हणून तर बोलतोय! पाठीमागे बोलायला मी काय रेडिओवाला आहे? काय हो जावईबापू, खोटं बोललो का?"

कॉर्व्हेल हसला. त्यानं ती फोड त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या माशावर पिळली. "उद्या नाही, परवा सांगतो," तो म्हणाला. "एक बॉल येऊ दे माझ्याकडे. एकच. मग सांगतो."

एकच बॉल. हे तो गेले पंधरा दिवस म्हणत होता. घरी येताना गाडीतही म्हणाला. "अंतिम सामन्यात एक झेल घेतला ना मार्ली, की मी मोकळा. मग शाळेतल्या पोरांना दोरीउड्या शिकवीन आयुष्यभर." तिनं नुसतं हूं म्हटलं होतं. मागच्या सीटवर जूनी रडायला लागली होती.

* * *

संघाच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. दोन बोटं मोडली होती, तिसऱ्याला सूज. "धावायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "झेलायला मात्र जाऊ नकोस. जमणारही नाही." बोटं एकमेकांना चिकटपट्टीनं बांधून त्यांनी पंजाचं वल्हं करून टाकलं.

मग कोच हॅस्पेलच्या खोलीत. मार्लीस दारातच उभी राहिली. जूनीला वडिलांकडे सोडून आली होती, दाराचं सांगायची लाज वाटली म्हणून बाजारहाटाचं खोटं सांगून. सगळं तीच सांगायला लागली, दार, मोजा, दाढ, रात्र, आणि सांगता सांगता रडायला लागली. कोच हॅस्पेल साठीचा रोड माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी तिला पूर्ण रडू दिलं. मग कॉर्व्हेलला विचारलं:

"पळता येतं?"

"येतं, कोच."

"मग झालं तर. बोटांनी पळायचं नसतं."

कॉर्व्हेलला वाटलं, थट्टा चालली आहे. कोचनी खणातून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. प्रत्येक सामन्याच्या आधी ते पहिल्या पंधरा चाली लिहून काढत, कुणी पळायचं, कुणाकडे बॉल टाकायचा, आणि त्याच क्रमानं खेळत, समोर काहीही होवो. दर शनिवारी दुपारी ही यादी खेळाडूंना मिळे, आणि दर शनिवारी घरी आल्यावर मार्लीस पहिला प्रश्न विचारी, "तुझ्याकडे किती?" तीन, तो म्हणे. कधी चार. ह्या हंगामात दोन, एक.

कॉर्व्हेलनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वरून वाचली.

"मी कुठेच नाही," तो म्हणाला.

"प्रत्येक चालीत आहेस. पंधराच्या पंधरा."

"बॉल कुठेच नाही, कोच."

"नाही." हॅस्पेलनी चष्मा खाली घेतला. "हे मी काल रात्रीच लिहिलं. तुझी बोटं धडधाकट होती तेव्हा. हे बघ, उद्याचे सॅगिनॉवाले तुझ्यावर दोन माणसं लावतात. अकरा वर्षं लावताहेत. तू उजवीकडे पळालास की दोघं तुझ्यामागे जातात, आणि मधे डगसमोर एक माणूस कमी उरतो. मला तुझे पाय हवेत आणि तुझं नाव हवं. हात नकोत." मग दाराकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही काही बिघडवलेलं नाही. फक्त हे बाहेर कुणाला कळता कामा नये. वडिलांनाही नाही. कळलं की सॅगिनॉवाले ह्याच्यावरचा दुसरा माणूस काढून घेतील."

मार्लीसला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि दारात बोटं सापडली तेव्हा जे त्याच्या चेहऱ्यावर आलं नव्हतं ते आत्ता आलं होतं.

परतताना गाडी तीच चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "नको खेळूस. हात मोडलाय म्हणून सांग. लोक हळहळतील. कुणी नावं ठेवणार नाही."

"हो, ते सोपं आहे," तो म्हणाला. त्यानं मान वळवून बाहेरच्या करड्या तळ्याकडे पाहिलं. "पण मग अंतिम सामना खेळलोच नाही असं होईल."

* * *

रविवारी दुपारी एकला पत्र्याच्या बाकांवर माणूस माणसाला खेटून बसलं होतं. तळ्यावरून वारा असा येत होता की कॉफी कपातून उडावी. जूनी मार्लीसच्या कोटात, फक्त नाक बाहेर. शेजारी वेंडेल, गुडघ्यांवर घोंगडी.

पहिल्या अर्ध्यात हॅस्पेलनी लिहिलं होतं तसंच झालं. प्रत्येक वेळी कॉर्व्हेल उजव्या कडेनं सुसाट सुटायचा, दोघं त्याच्यामागे, आणि मधून डग पाच यार्ड, सात यार्ड. जाड हातमोजा घातलेल्या त्या हाताकडे कुणाचं लक्ष नव्हतं. थंडीत सगळ्यांनीच हातमोजे घातले होते. मार्लीस मात्र दुसरं काही बघतच नव्हती. वीस वेळा तो पळाला, वीस वेळा रिकाम्या हातानं चालत परत आला. तिला आपल्या घरातलं रोजचं आठवलं. भांडी, कपडे, पुन्हा भांडी, दिवसभर राबून संध्याकाळी दाखवायला हातात काही नाही. तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिनं जूनीला आवळलं आणि जूनी कुरकुरली.

"बघ, बघ," वेंडेल म्हणाले. "एक तरी टाकला त्याच्याकडे? गरजच नाही! रांग बघ आमची!"

"बघतेय बाबा."

तिसऱ्या सत्रात सॅगिनॉवाल्यांच्या लक्षात आलं. इतका वेळ बॉल टाकलाच नाही म्हणजे आज टाकणारच नाहीत. त्यांनी कॉर्व्हेलवरचा दुसरा माणूस काढून मधे उभा केला, आणि डग भिंतीवर आपटल्यासारखा आपटू लागला. दोन यार्ड. एक. काहीच नाही. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा सॅगिनॉ तेरा, पोर्ट हॅलन दहा. बॉल सॅगिनॉच्या गोलरेषेपासून आठ यार्डांवर, आणि ती ओलांडायला चार प्रयत्न. पहिल्या प्रयत्नात डग जागच्या जागी गाडला गेला.

दुसऱ्या प्रयत्नाला कॉर्व्हेल कोपऱ्याकडे सुटला, एकच माणूस मागे, आणि तोही दोन पावलं मागे पडलेला. आणि बॉल टाकणाऱ्या क्वार्टरबॅकनं तो उंच फेकला. त्याच्याकडे.

अख्खं मैदान उभं राहिलं. मार्लीसही उठली, कोटात पोर धरून, आणि तिच्या तोंडून "नको" निघालं ते आजूबाजूच्या आरडाओरड्यात कुणालाच ऐकू गेलं नाही. कॉर्व्हेलनं उडी मारली. दोन्ही हात वर. बॉल हातांत आला. खरंच आला, तिनं पाहिला, बोटांच्या वल्ह्यावर क्षणभर टेकला, मग त्यानं तो कोपरानं छातीशी ओढायला बघितला, आणि बॉल निसटून गवतावर टप्पा खात गेला.

हजारभर माणसांनी एकदम श्वास सोडावा तसा आवाज झाला. मग शिट्ट्या. "घरी जा, म्हाताऱ्या!" मागून कुणी ओरडलं. वेंडेल गरकन वळले. "कोण रे तो? तोंड सांभाळ!" मग ते खाली बसले आणि घोंगडीशी चाळा करत राहिले.

तिसरा प्रयत्न. आता कॉर्व्हेलसमोर पुन्हा दोघं उभे. तो सुटला तसे दोघंही जिवाच्या आकांतानं त्याच्यामागे कोपऱ्यात गेले, आणि मधे जी फट पडली तिच्यातून डग जवळपास चालतच रेषेपलीकडे गेला.

सतरा-तेरा. उरलेला वेळ बचावानं काढला. पोर्ट हॅलन जिंकलं.

* * *

खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बोळात घरच्यांना सोडलं होतं. आतून फेसाळ दारूच्या बाटल्या उघडल्याचे आवाज, गाणी. कॉर्व्हेल बाहेरच्या बाकड्यावर बसला होता, एक पाय पुढे टाकून. एका हातानं बुटाची ओली गाठ सुटत नव्हती. मार्लीस जूनीला जमिनीवर सोडून त्याच्यापुढे बसली आणि गाठ सोडवू लागली.

"खूप दुखतंय?"

"आता कळायला लागलंय."

"तुझ्याकडे का टाकला त्यानं? त्याला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. कोचनीच सांगितलं." तो भिंतीला डोकं टेकून बोलत होता, डोळे मिटून. "म्हणाले, एक तुझ्याकडे टाकतो. म्हणजे सॅगिनॉवाल्यांना वाटेल आपण टाकतो, आणि ते पुन्हा दोघं लावतील. तू वर जा, हात लाव आणि सोड. सोडायचाच होता, मार्ली."

तिचे हात थांबले. "पण तू तर..."

"हो. गेलो पकडायला." तो हसला, दमलेलं, तोंडातल्या तोंडात. "हवेत असताना वाटलं, बघू तरी. हाताला लागलाही होता."

"मी पाहिलं."

"पाहिलंस ना?" त्यानं डोळे उघडले.

"बोटांवर होता. मी पाहिला, कॉर्व्ह. माझ्या त्या दारानं—"

"हो, त्या दारानंच. नाही कसं म्हणू?" त्यानं डाव्या हातानं तिच्या केसांतला जूनीच्या बिस्किटाचा तुकडा काढून टाकला. "पण यादी दाराच्या आधीची होती."

तेवढ्यात वेंडेल आले, गर्दीतून वाट काढत, चेहरा लाल, टोपी तिरकी. डगला मिठी मारून आले होते, सगळ्या रांगेला मिठ्या मारून आले होते.

"शून्य!" ते लांबूनच ओरडले. "शून्य झेल, आणि चषक आपला! मी शुक्रवारी काय म्हणालो होतो? रेडिओवरही आत्ता तेच—"

मार्लीसनं तोंड उघडलं. सगळं सांगायचं, दार, मोडलेली बोटं, कोच, सोडायचा ठरलेला बॉल. एकदा सांगितलं की बाबा पुन्हा लिंबाचं नाव काढणार नाहीत. पण कॉर्व्हेलनं तिच्याकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. बांधलेला हात त्यानं जाकिटाच्या खिशात घातला. सांगितलं असतं तर तो बॉल खरोखर त्याच्यासाठी टाकलेला उरला नसता, नुसता चकवा ठरला असता.

वेंडेल जवळ आले तसा त्यांचा आवाज उतरला. जावयाच्या शेजारी ते बाकड्यावर टेकले. जूनी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

"तो एक मात्र सुटायला नको होता रे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातून सुटला असता तर मी बोललोही नसतो. तुझ्या हातून! अंतिम सामन्यात तुझ्याकडे बॉल टाकला, आणि तू सोडलास?"

"सोडला नाही, वेंडेल," कॉर्व्हेल म्हणाला. "सुटला."

"सुटला, सुटला. माहितीये मला. पकडायला गेलास ते दिसलं की."

कॉर्व्हेलनं मान डोलावली. मार्लीसच्या नखात ओल्या नाडीचा धागा अडकला होता. तिनं पुन्हा मान खाली घातली आणि दुसरा बूट ओढला.