गुत्तेदाराचा बेलभंडार

पिंगळीच्या स्टेशनाजवळ कंपनीचं सरकी काढायचं जिन होतं. कापूस आमच्या रानातला, कंपनी मुंबईची, आणि गाठी जायच्या पार जपानला. जपान कुठं आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पण तिकडून तार आली की इकडं बायांना भाकर खायला उसंत मिळायची नाही. आता बोला!

रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र; त्यावर कापूस घालायला आधी बाया कंपनीच ठेवायची. मग एका हंगामाला म्यानेजरनं चंद्रभानला बोलावलं, बसायला खुर्ची दिली, वर चहा पाजला. म्हणाला, "चंद्रभानराव, यापुढं बाया तुम्ही आणायच्या. तुम्ही गुत्तेदार. कंपनी तुमच्याशी बोलेल, तुम्ही बायांशी." चंद्रभानला जन्मात पहिल्यांदा कुणी राव म्हटलं होतं. गडी तिथंच विरघळला आणि भेटेल त्याला सांगत घरी आला.

पण बायांच्या सासवा काय कच्च्या होत्या? त्या म्हणाल्या, काही बरंवाईट झालं तर कुणाचं दार वाजवायचं? तेव्हा या शहाण्यानं खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलून शपथ घेतली. "समद्या बाया माझ्या. काय झालं तर मी हाय, आन् माझ्यामागं कंपनी हाय." अहो, भंडार उचलला यानं; कंपनीनं कुठं उचलला होता? कंपनीला कुठला आलाय खंडोबा! पण त्याचं मन साफ होतं, एवढं कबूल केलं पाहिजे.

त्याच्या चुलत भावाची विधवा दगडाबाई कामाला पहिली निघाली, म्हणून बाकीच्या निघाल्या. तिची लेक कस्तुरा नवऱ्यानं टाकलेली, घरी असायची. दोघींचं पोट दगडाबाईच्या हातावर होतं.

माघात तार आली. मुंबईला जहाज उभं होतं, गाठी कमी पडत होत्या. रेच्याच्या तोंडाशी हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. तिथं कापूस अडकायचा, वेळ जायचा. म्यानेजर म्हणाला, "जाळ्या नसत्या तर काम भराभर उरकलं असतं. बघा बुवा, बाया तुमच्या, काम तुमचं. मी काही सांगत नाही." न सांगता कसं सांगावं, हे या लोकांकडून शिकावं! चंद्रभाननं पाना घेतला आणि जाळ्या आपल्या हातानं काढल्या.

"भावजी, ऱ्हाऊ द्या की," दगडाबाई म्हणाली. "मला भ्या वाटायलंय."

"जहाज जाऊ द्या, वैनी. लगेच लावतो."

जहाज गेलं. त्याच्या आदल्या दिवशी दगडाबाईचा उजवा पंजा रेच्यात गेला.

चंद्रभान धावत म्यानेजरकडं गेला. या वेळी खुर्ची मिळाली नाही. "वाईट झालं," म्यानेजर म्हणाला, "पण ती कंपनीची बाई नाही. चौकशीला सरकारी इन्स्पेक्टर येईल. ती कामावर नव्हती, उगाच आत शिरली, असं सांगा. नाहीतर पालमचा एक जण गुत्त्यासाठी खेटे घालतोय. आणि हे जिनच हलवायचं म्हटलं, तर कापूस काय, कुठंही मिळतो."

खंडोबाच्या देवळावरून जायचं चंद्रभान टाळायला लागला. शेवटी दगडाबाईपुढं जाऊन बसला. "वैनी, मी खरं सांगणार. जाळ्या मी काढल्या, म्यानेजरच्या बोलण्यावरून काढल्या. कंपनीला तुमचं बघावंच लागंल. मग मला तुरुंगात घातलं तरी चालंल." दगडाबाईनं बांधलेल्या हातावर पदर ओढून घेतला. चुलीपाशी कस्तुरा खाली मान घालून पीठ मळत राहिली.

इन्स्पेक्टर आला तेव्हा जाळ्या जागच्या जागी होत्या, वर तेलही लावलेलं. त्यानं दगडाबाईला विचारलं, "माँ, तुम किसके काम पे थी?"

चंद्रभान पुढं सरला. पण दगडाबाईच आधी बोलली. "कुनाच्याच न्हाई, साहेब. लेक इथं कामाला हाय. तिला भाकर घिऊन आल्ते. उगं बघाया हात घातला. माझीच चूक."

चंद्रभान जागीच थिजला. कस्तुरा तर जिनात कधी आलीच नव्हती! त्यानं वळून पाहिलं. रेच्यापाशी बायांच्या रांगेत, आईच्या जागेवर, कस्तुरा उभी होती. चंद्रभानच्या आधीच म्यानेजर दगडाबाईच्या घरी जाऊन आला होता. पंज्याच्या बदल्यात कंपनीनं लेकीला कामाला लावलं होतं.

"सच है?" इन्स्पेक्टरनं चंद्रभानला विचारलं.

दगडाबाई त्याच्याकडं बघत होती. नाही म्हणालात तर ह्या पोरीचं कामही जाईल, भावजी, एवढंच त्या नजरेत होतं. चंद्रभाननं मान हलवली, आणि त्या क्षणी त्याला स्वतःची किळस आली.

पुढच्या आठवड्यात दुपारी दगडाबाई फाटकाशी आली. डाव्या हातात फडक्यात बांधलेली भाकर होती.

"लेकीला आणलीय," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "भावजी, तिच्या रेच्याची जाळी तेवढी ऱ्हाऊ द्या. माझ्यासाठी एकडाव भंडार उचला."

सकाळीच तार आली होती. म्यानेजर ओट्यावर उभा होता, काही सांगत नव्हता. चंद्रभानच्या कमरेला पाना होता. त्यानं तिच्या हातातून भाकर घेतली आणि खाली मान घालून आत गेला.