खरखरतंय अजून

वाईला घाटाजवळच्या एका घरी दर पंधरवड्याला गुंडा न्हावी परसदारी येऊन बसे. गोष्ट याच १९४३ सालची. पुण्यामुंबईत विधवांच्या केशवपनाची ही चाल कधीच मोडली असे आपण वर्तमानपत्रात छातीठोकपणे छापतो. मोडली कसली! पुढच्या दारातून निघाली आणि परसात जाऊन बसली.

घरात दोन विधवा. एक भागीरथीबाई, साठीच्या. दुसरी त्यांची थोरली सून अंबू, पंचविशीची. नवरा जाऊन चार वर्षे झालेली.

त्या दिवशीही नेहमीसारखेच चालले होते. अंबू विहिरीजवळ खाली मान घालून बसली होती. गुंडाचे काम आटोपले. आपली अंघोळ व्हायच्या आधी भागीरथीबाई आल्या आणि त्यांनी सुनेच्या डोक्यावरून मानेकडून कपाळाकडे तळवा फिरवला.

"खरखरतंय अजून. गुंडा, उलटा फिरव."

"आवं काकी, केस न्हाईत आता. फोड हायती. वस्तरा लावला की रगात येतंय."

"मला हाताला कळत नाही होय? फिरव म्हणते ना!"

अंबू कळवळून म्हणाली, "सासूबाई, खरंच ते केस नाहीत हो. नुसती आग होते. आलवणाचा पदर टेकला तरी जीव जातो."

"आम्हाला नव्हती होत आग? कुणाजवळ रडलो आम्ही?"

गुंडाने वस्तरा उलटा फिरवला. म्हातारी दुष्ट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. सुनेला ताप आला तर उशाशी बसून राहणारी ती बाई. पण वस्तऱ्याने उठलेला फोड तिच्या हाताला खुंट वाटे. मग पुन्हा वस्तरा, पुन्हा फोड, पुन्हा खरखर. त्यावर तेलाचे बोट लावावे, तर विधवेला तेल वर्ज्य. वा रे शास्त्र!

शेवटी पू डोक्यावरच्या तांबड्या आलवणातून बाहेर दिसू लागला, तेव्हा भागीरथीबाईंचा धाकटा मुलगा बळवंतराव डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरने पाहिले आणि तो भडकलाच. "अहो, कापलेल्या केसाचं टोक कातडीत शिरतंय. दोन महिने वस्तरा बंद! खोबरेल लावा, डोकं उघडं ठेवा. ऐकलं नाहीत तर रक्तात विष भिनेल."

अंबू भांडी घासणाऱ्या साळूबाईजवळ गेली. "साळूबाई, दोन महिने कुणी डोक्याला हात लावायचा नाही! डॉक्टर म्हणाले." आणि हसली.

"लय ब्येस झालं, बाई. वाईच झोप तरी लागंल," साळूबाई म्हणाली.

खरेच झोप लागू लागली. फोडांवर खपल्या धरल्या. मऊ लव उगवली. कुशीवर वळले तरी आता ती ओरडत नव्हती.

तेवढ्यात सासऱ्यांचे श्राद्ध आले. भटजींनी पडवीतूनच सांगितले, सकेशा विधवेच्या हातचे पितरांना पोचत नाही. भागीरथीबाईंचे हात थरथरत, त्यांना पातेले उचलेना. बळवंतरावाची बायको बाळंतपणाला माहेरी सांगलीला गेलेली. बळवंतराव हायस्कुलात मास्तर. मागच्याच आठवड्यात साताऱ्याला स्वातंत्र्यावर व्याख्यान देऊन आला होता.

तो म्हणाला, "वहिनी, एवढं एक श्राद्ध निभावून न्या. मग वर्षभर वस्तरा नको."

अंबूने त्याचे पाय धरले. "भावजी, मी गोठ्यात राहीन. पानात पडेल ते खाईन. पण एवढं करू नका हो. आत्ता कुठं बरं वाटतंय मला."

"मग रांधायचं कुणी?"

एवढा साधा प्रश्न! घरातल्या पुरुषाला रांधता येत नव्हते, म्हणून एका बाईच्या अंगावरची कातडी सोलायची. गुंडा आला. केसांबरोबर खपल्याही निघाल्या. नंतर गार पाण्याची अंघोळ, ओले आलवण, आणि दुपारपर्यंत चुलीची धग. ब्राह्मण जेवले, तृप्त झाले, आशीर्वाद देऊन गेले.

संध्याकाळी अंबूला हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी तोंड सुजून डोळे मिटले. डॉक्टरने औषध दिले, पण गुण आला नाही. आठवडाभर तापात तडफडून अंबू गेली.

आणि तरीही बळवंतराव काय म्हणाला ऐका. "गुंडाला बोलवा. केस वाढलेत. असं न्यायचं नसतं."

आत भागीरथीबाई सुनेला शेवटची अंघोळ घालत होत्या. सवयीने त्यांचा हात डोक्यावरून फिरला आणि थांबला. बोटांनी त्यांनी पुन्हा चाचपले.

"बळवंता, अरे केस तर मऊ आहेत रे! हे टणक आहे ते फोड आहेत. हेच लागायचं माझ्या हाताला. हेच मी खरवडायला लावलं!"

त्यांनी फोडलेला हंबरडा साऱ्या आळीने ऐकला.

गुंडा परसदारी येऊन उभा होता. भागीरथीबाई उठल्या आणि उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"आई, लोक खोळंबलेत. भटजी हात लावणार नाहीत."

"नको लावू देत! जिवंतपणी सोललीत, आता मेल्यावरही सोलता? गुंडा, वस्तरा काढू नकोस. माझ्या डोक्यालासुद्धा आता कुणी वस्तरा लावायचा नाही. वाढतील तेवढे वाढोत."

भटजी उपरणे सावरत निघून गेले. मागोमाग आळीतली माणसेही एकेक करून पांगली. खांद्याला माणूस उरेना. बळवंतराव खाली मान घालून तिरडीशी उभा राहिला.

गुंडाने वस्तऱ्याची धोकटी भिंतीशी ठेवली. "काकी, म्या धरू का?"

"धर बाबा. आणि साळूबाईच्या नवऱ्यालाही हाक मार. तिला घाटावर पोचवायला जो येईल तो आपला."

आळी आता म्हणते, सुनेपायी म्हातारीला वेड लागले. तिच्या घरचे पाणी कुणी घेत नाही. वाचकहो, या पंधरवड्यातही कुठल्या तरी परसात एक अंबू खाली मान घालून बसली असेल. ते घर तुमचे असेल, तर ती मरेपर्यंत थांबणार आहात, की आजच उंबऱ्यात आडवे उभे राहणार आहात?