मान फिरवणारा कापडी कुत्रा

मित्रांनो, स्वतःला कुत्रा म्हणवून घेताना मला आजही थोडा संकोच वाटतो. मी एक जुना कापडी कुत्रा आहे. माझे अंग एका विटलेल्या तपकिरी कोटाचे, पोटात चिंध्या आणि कापूस, आणि डोळ्यांच्या जागी त्याच कोटाची दोन बटणे. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला शिवले. माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे. चावत तर नाही ना कुणाला!"

मला शिवून घेतले जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांच्या दवाखान्याशेजारीच बालवाडी होती. अनोळखी कुत्र्याजवळ कसे जावे, हे त्यांना तिथल्या मुलांना शिकवायचे होते. पण वर्गात खरा कुत्रा आणायचा म्हणजे आईबाप नको म्हणणार. म्हणून मी.

एक मूल माझा मालक होऊन माझ्या गळ्यातली दोरी धरी. दुसऱ्याने लांबच थांबून विचारायचे, "हात लावू का?" मालक हो म्हणाला तरच पुढे यायचे, तेही सावकाश. समोरून चाल करून नव्हे, जरा बाजूने. डोळे रोखायचे नाहीत. हात खाली सैल सोडायचा, मला वास घेऊ द्यायचा, आणि मग डोक्यावर थापट्या न मारता मानेखाली हळूच खाजवायचे. एखादा कुत्रा अंगावर धावून आलाच, तर पळायचे नाही. झाडासारखे गप्प उभे राहायचे. मुलांना झाड होणे फार आवडे. एकदा सगळा वर्ग झाड झाला, तो सुटीची घंटा झाली तरी हलेना.

सगळ्यांत हुशार होती भिंगरी. ती सतत गरगर फिरे, म्हणून तिच्या बाबांनीच तिचे हे नाव पाडले होते. माझ्यापुढे मात्र ती एकही पायरी चुकत नसे. "शाबास!" बाई म्हणत, आणि आपणही कुणीतरी आहोत असे मला उगीचच वाटे.

तरी एक शंका मला कुरतडत राही. खरा कुत्रा कसा असतो? धडा संपला की मला खिडकीत ठेवत. समोर किल्ल्या बनवणाऱ्या काकांचे टेबल होते आणि टेबलाखाली त्यांचा म्हातारा कुत्रा, ठिपक्या. मी त्याच्याकडे बटणे रोखून पाहत बसे. केवढे बोलायचा तो! तोंडाने नव्हे. ओळखीचे कुणी आले की शेपटीबरोबर त्याची कंबरही हले. किल्ल्या कापायचे यंत्र किरकिरू लागले की कान मागे जात. कुणी नको असले, तर तो आधी तोंड फिरवी, मग ओठांवरून जीभ फिरवी, मग जांभई देई, आणि तीही झोप आलेली नसताना! मला मोठे नवल वाटे. यातले एकही मला येत नव्हते.

एके दुपारी भिंगरी आणि तिचे बाबा काकांकडे किल्ली करायला आले. ती लांबच थांबली.

"काका, हात लावू का?"

"लाव की. गरीब आहे तो," काका यंत्रावरची नजर न काढता म्हणाले.

ती बाजूने गेली. हात खाली सोडला. ठिपक्याने वास घेतला नाही, तोंड फिरवले. ओठांवरून जीभ फिरली. मला खिडकीतून सगळे दिसत होते, पण मी हाक कशी मारणार? भिंगरीने ठरल्याप्रमाणे मानेखाली खाजवले. तो उठून टेबलाखाली पार कोपऱ्यात सरकला. तीही वाकून त्याच्यामागे आत शिरली. आधी गुरगुर ऐकू आली, आणि लगेच तिची किंकाळी.

दात बाहीत अडकले होते, हातावर ओरखडाही नव्हता. पण बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"गरीब म्हणे! हे कुत्रं पुन्हा या गल्लीत दिसता कामा नये!"

"साहेब, म्हातारा आहे हो तो. या वयात कुठं नेऊन सोडू त्याला?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

गलका ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी भिंगरीचा हात धुऊन, उजेडात धरून नीट पाहिला. मग सगळ्यांना वर्गात आणले आणि मला जमिनीवर ठेवले. "काय काय केलंस, ते याला करून दाखव बरं."

हुंदके देत तिने सगळे करून दाखवले. अगदी शिकवल्याप्रमाणे.

"बघा!" बाबा म्हणाले. "काय चुकलं माझ्या पोरीचं?"

बाईंनी भिंगरीला विचारले, "तू हात खाली धरलास, तेव्हा कुत्रा काय म्हणाला?"

"कोण, हा? हा कुठं काय म्हणतो? उशीच आहे ती!"

बाईंनी मला उचलून मांडीवर घेतले. मग म्हणाल्या, "खरं आहे. मालकाला विचारायचं शिकवलं मी. कुत्र्याला विचारायचं राहूनच गेलं. मला थोडे दिवस द्या."

"देतो," बाबा म्हणाले. "मग माझ्या डोळ्यांनी बघेन आणि काय ते ठरवेन. तोवर कुत्रं घरात बांधून ठेवा."

मग शिवणाऱ्या काकूंनी माझी मान उसवली, आत एक काठी बसवली आणि पाठीतून दोऱ्या बाहेर काढल्या. "घ्या, आता नखरेसुद्धा करील!" त्या म्हणाल्या. दोरी पहिल्यांदा ओढली, तेव्हा माझे तोंड उजवीकडे वळले. तिथे एक भिंत होती आणि भिंतीवर मुलांनी काढलेले मासे होते. इतकी वर्षे मला त्यांचा पत्ताच नव्हता!

आता बाई माझ्यामागे बसत. मी कधी हो म्हणून पुढे झुके, कधी नको म्हणून मान फिरवी.

"बाई, हा मला नाहीच म्हणतो! कट्टी याच्याशी!" एक मूल म्हणाले.

"मग आपण काय करायचं?"

"मागं सरायचं."

"आणि?"

"...रुसायचं नाही."

कुत्रा झोपला असेल, खात असेल किंवा कुठे दडून बसला असेल, तर विचारायलाही जायचे नाही, हेही त्यांनी शिकवले. भिंगरीला हे जड गेले. मी मान फिरवली तरी तिचा हात सवयीने पुढे येई. आणि एक दिवस तो मध्येच थांबला. ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या उत्तरासाठी कुणी थांबावे, असे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

मग बाबा तिला घेऊन टेबलापाशी आले. ठिपक्या आखूड दोरीने बांधलेला होता. भिंगरीने विचारले. या वेळी काकांनी यंत्र बंद केले आणि ठिपक्याकडे पाहिले. "ये, पण सावकाश. बघू तो काय म्हणतो."

ती बाजूने गेली. हात खाली. ठिपक्याने तिच्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. बाबांनी तिला ओढून घ्यायला हात पुढे केला, पण ती आधीच मागे सरली होती.

"बाबा, तो नाही म्हणाला."

"मग?"

"मग काय? नाही तर नाही!"

बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग काकांना म्हणाले, "माझी किल्ली राहिली होती, ती द्या. आणि त्याची दोरी जरा सैल करा हो, मान अवघडेल त्याची."

ती दोघे गेल्यावर ठिपक्या उठला. भिंगरी उभी होती त्या जागेपर्यंत आला आणि फरशीचा वास घेत राहिला. त्याला काय कळले असेल, कोण जाणे. मला मात्र खिडकीतून पाहत राहावेसे वाटले.

मित्रांनो, मी चिंध्यांचा आहे. खऱ्या कुत्र्यांविषयी फार बोलण्याचा मला अधिकार नाही. तरी एवढे मागतो. घरातल्या मोठ्या माणसाचा हात धरून जा. आधी मालकाला विचारा, मग कुत्र्याला विचारा आणि थांबा. उत्तर काय येणार हे ठाऊक नसते, म्हणून तर विचारायचे.