दस्त्याच्या तीन फळ्या

मी रायफल बोलतेय. लांब नळीची, खालचा दांडा ओढून काडतूस भरायची, अठराशे शहाण्णव साली घडलेली. नकली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण ज्या खेळात मी आयुष्याची शेवटची वर्षं घालवतेय, तिथे खऱ्या-खोट्याचाच सगळा घोळ आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, अक्रोडाचा होता, एकसंध. पहिला मालक मालगाडीवर राखणीला होता. त्याने मला पत्त्यांत घालवलं. मग अमेरिकेतल्या वायोमिंगच्या एका कुरणावर टीगार्डन नावाच्या घरात आले आणि तिथलीच झाले. लांडग्यांवर चालले, कुंपणाच्या खांबाला टेकून पावसात भिजले, एकदा तर चुलीचा निखारा ओढायलाही वापरलं मला. माणसाला हातात येईल ते हत्यार, दुसरं काय!

त्या घरातला ऑर्व्हिल टीगार्डन हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले सात घोड्याशी. त्याची एकुलती एक मुलगी लुरीन. नऊ वर्षांची असताना ती मला उचलायला गेली आणि दस्ता तिच्या काखेत अडकला. ऑर्व्हिलने काही न बोलता करवत काढली आणि माझा दस्ता चार बोटं कापला. दुखलं. पण पोरीच्या खांद्यात नीट बसले तेव्हा दुखणं विसरले.

पोर वाढली तसा त्याने दस्ता परत वाढवला. अकराव्या वर्षी खोक्याच्या लाकडाची एक फळी. तेराव्या वर्षी मोडक्या फाटकाची. सोळाव्या वर्षी तिच्या गेलेल्या आईच्या टेबलाची. तीन फळ्या, तीन रंग, आणि आरपार जाणारे दोन लांब स्क्रू.

तिसरी फळी बसवायच्या आधी त्याने सुताराची पेन्सिल थुंकीने ओली केली आणि दुसऱ्या फळीवर लिहिलं, "हिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तिला सांगायचं नाही, डोक्यात जाईल." मग वरून फळी ठोकली, स्क्रू पिळले. झालं. जगात हे दोघांनाच ठाऊक. त्याला आणि मला. पुढे काही वर्षांनी तो गेला.

लुरीन आता सहासष्टची आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावाबाहेरच्या माळावर त्यांचा खेळ असतो. म्हातारे-म्हाताऱ्या जुन्या काळचे कपडे घालून, खोटी नावं घेऊन, लोखंडी पत्र्यांवर गोळ्या मारतात. लुरीनचं खेळातलं नाव फड्या निवडुंग. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण बरोबर ठेवलं. फाटकाजवळच्या टेबलावर तीच बसते, नियमांची वही घेऊन. एकोणीसशे सालाच्या आधीचं नाही ते आत नाही. मनगटी घड्याळ? काढा. बुटाला रबरी तळ? घरी जा.

मागच्या वर्षी खेळातला जुना गडी हार्लन आला. संधिवाताने बोटं आल्याच्या गाठींसारखी वाकडी झालेली. पिस्तुलाला त्याने मऊ रबराची मूठ बसवली होती.

"हे काय?" लुरीन म्हणाली.

"अगं, लाकडी मुठीने धक्का बसला की रात्रभर झोप नाही."

"आपल्या पणजोबांच्या काळात रबराची मूठ कुणी पाहिली होती?"

"पणजोबा चाळिशीत मेले, लुरीन. त्यांना संधिवात व्हायला वेळच मिळाला नाही."

सगळे हसले. ती नाही हसली. हार्लन दिवसभर गाडीत बसून कोरडा मक्याचा पाव खात राहिला. मला तेव्हाच वाटलं, बाई, हे बरं नाही.

या मार्चमध्ये हार्लन लाकडी मूठ लावून आला, हाताला फडकं गुंडाळून. तपासणी झाली. मग त्याने टेबलावर आडव्या पडलेल्या माझ्याकडे बघितलं आणि दस्त्याच्या टोकावर वाकडं बोट ठेवलं.

"फड्याबाई, हे स्क्रू फुलीच्या खाचेचे आहेत की! असले स्क्रू एकोणीसशेच्या आधी कुठले? आणि ही टेबलाची फळी तरी कुठल्या साली बसवली?"

कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे रे, तिच्या बापाची आहे." दुसरं म्हणालं, "स्क्रू बदल की लुरीन, सपाट खाचेचे घाल."

ते स्क्रू काढले असते तर फळ्या सुटल्या असत्या. फळ्या सुटल्या असत्या तर... मी नळीपासून दस्त्यापर्यंत ताठ झाले.

पण लुरीन लाल झाली होती. "अर्धा नियम नसतो पाळायचा," म्हणाली. "पूर्ण दस्ताच बदलते."

गर्व असा असतो. दुसऱ्याला कापलं की आपल्यालाही कापून दाखवावं लागतं.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या एमेटने नवाकोरा दस्ता आणला. जुना दिसावा म्हणून त्याने त्याला साखळीने मारलं, काळ्या कॉफीने रंगवलं. हसू की रडू! माझे खरे व्रण काढून त्यांनी मला खोटे व्रण दिले, आणि आता म्हणे मी अस्सल.

"जुन्याचं काय करू?" एमेटने विचारलं.

ती दारात होती, मागे वळली नाही. "जाळ."

गारठ्याची सकाळ होती. एमेटने जुना दस्ता फळ्यांसकट शेगडीत टाकला. मी त्याच्या टेबलावर उघडी पडले होते, नुसती नळी. स्क्रू लाल झाले. आधी टेबलाची फळी पेटली, मग तिच्याखालची. पेन्सिलीच्या अक्षरांना वेगळी ज्योत नसते.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी मी तपासणीत पास झाले. लुरीनने मला खांद्याला लावलं, गाल टेकवला. गालाला काही सापडेना. पन्नास वर्षांची जागा गेली होती. दहातले तीन पत्रे चुकले. आजवर एकही चुकला नव्हता.

"नवा दस्ता बसायला वेळ लागतो," हार्लन हळूच म्हणाला. टोमणा नव्हता तो.

तिने मला खांद्यावरून खाली उतरवलं. मग म्हणाली, "तुझी रबराची मूठ आणलीयस?"

"गाडीत आहे."

"लाव जा."

"आणि नियम?"

"नियमाचं मी बघते. तू लाव, नाहीतर तुझ्या डोक्यात घालीन ती वही."

तो गेला. ती एमेटकडे वळली. "त्या फळ्यांपैकी एखादी उरलीय का रे?"

"तूच म्हणालीस ना, जाळ म्हणून."

"म्हणाले खरी." तिने माझ्या नव्या दस्त्यावर तळवा फिरवला. "बाबा मला जन्मात एकदाही 'बरं मारलंस' म्हणाले नाहीत, एमेट. मुलगा हवा होता त्यांना. पण फळ्या मात्र आठवणीने लावल्या. तेवढंच होतं त्यांचं माझ्याकडे."

आता मी तिच्या कपाटात असते, महिन्यातून एकदा बाहेर निघते. तुमच्या घरात जुनं काही असेल, जोड दिलेलं, बेढब, तर फेकण्याआधी एकदा उकलून बघा. एवढंच मागते.

आणि लुरीन, तुझ्यापुढे मी हरले गं. दर महिन्याला तू मला खांद्याला लावतेस, तुझ्या कानापासून वीतभर अंतरावर असते मी, आणि सांगायचं एकच वाक्य आहे. पण मला एकच आवाज काढता येतो, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून तू कानांत बोळे घालतेस.