डावीकडे तीस फेऱ्या

चार चाके. पाचवे फिरत नाही.

हवा भरून उभे केलेले सुळके, सात माणसे एकावर एक उभी राहतील एवढे उंच.

भिंतीवर घड्याळ. त्याच्या हातभर उजवीकडे दिनदर्शिका.

दांडीवर वाळत घातलेली काळी पट्टी.

एक पाटी. अक्षर वळणदार.

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. फिरून फिरून माझा क्रम चुकतो, तेवढे सांभाळून घ्या.

चाकणच्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि खराडीच्या एका ऑफिसात सातव्या मजल्यावर गेले. माझ्यावर बसणाऱ्याची खिडकी उजवीकडे होती. काम साचले की तो खिडकीकडे वळे. सहा वर्षे, दिवसातून शंभरदा. त्यात माझा दांडा एका बाजूने झिजला आणि उजवीकडे फिरताना मी करकरू लागले. तेल घातले की दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग वाघोलीचे जुन्या सामानाचे दुकान. तिथून रंगरावांनी मला सदाशिव पेठेत, त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणले.

रंगराव विमान शिकवण्यातून निवृत्त झालेले. आम्रपाली त्यांची विद्यार्थिनी. सुळक्यांमधून छोटे विमान वाकवत नेण्याच्या परदेशातल्या शर्यतीत तिने नुकताच पहिला हंगाम काढला होता.

"कितवी आलीस?" रंगरावांनी विचारले.

"अकरापैकी अकरावी, सर."

"म्हणजे सुधारायला वाव मोठा आहे."

ती हसली नाही. तीव्र वळणानंतर तिचे डोके क्षणभर गरगरायचे आणि तेवढ्यात पुढचा सुळका निघून जायचा. मेच्या सुरुवातीला चाचणी होती. तिथे निवड झाली तर दुसरा हंगाम, नाहीतर शर्यत कायमची बंद. म्हणून मला आणले होते. तिने डोळ्यांवर पट्टी बांधून माझ्यावर बसायचे. रंगराव तीस फेऱ्या देत. मी थांबताच पट्टी काढून तिने घड्याळाकडे बोट करायचे.

पहिल्या दिवशी तिचे बोट दारावरच्या पडद्याकडे गेले.

सकाळी ती वाघोलीच्या कॉलेजात शिकवायची, संध्याकाळी व्यायाम. मोकळा वेळ दुपारी दोन ते साडेतीन. लिफ्टने यायची, लिफ्टने जायची. जिना रंगरावही चढत नसत. जानेवारीत तिसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई वर आल्या.

"रंगराव, आपण तिला विमान शिकवा नाहीतर रॉकेट. पण एक ते चार माझ्या डोक्यावर करकर नको."

"अहो, आवाज फक्त उजवीकडे फिरताना येतो."

"मग डावीकडे शिकवा."

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पाटी अडकवलेली होती. 'दुपारी १ ते ४ खुर्ची उजवीकडे फिरवू नये. सुज्ञांस सांगणे न लगे.' रंगरावांना मजकूर आवडला. त्यांनी ती घड्याळाखाली टांगली, आणि पाळली.

फेब्रुवारी. डावीकडे तीस.

मार्च. डावीकडे तीस. तिचे बोट आता घड्याळाच्या कडेवर.

एप्रिल. पट्टी सुटताच बोट थेट काट्यांवर. "खुर्चीने कमाल केली," रंगराव म्हणाले. एवढी स्तुती माझी खराडीत कधी झाली नव्हती. मला लाज वाटली, कारण माझी उजवी बाजू तशीच पडून होती. पण गप्प ठेवलेल्या खुर्चीला बोलता कसे येणार?

"सर, उजवीकडेही एकदा बघू या का?" ती म्हणाली.

"चार वाजू देत."

साडेतीनला ती निघाली.

चाचणीत डावीकडची सगळी वळणे तिने पहिल्या तिघांच्या वेळेत घेतली. शेवटचे वळण उजवीकडे होते. तिथे आकाश कुठे आणि जमीन कुठे, हे तिला क्षणभर कळेना. नियमाप्रमाणे तिने शर्यत सोडून विमान वर काढले. सुखरूप उतरली. यादीत नाव नव्हते.

परत आल्यावर ती माझ्यावर बसली. पट्टी तिने स्वतःच बांधली आणि पायाने रेटून उजवीकडे फिरू लागली. मी जिवाच्या आकांताने करकरले. खालून छताला काठी तीनदा बसली. ती थांबली, पट्टी काढली, बोट उचलले. बोट दिनदर्शिकेवर होते.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं, सर."

"तुझ्या नाही. माझ्या."

त्यानंतर ती आली नाही. आता मी जिन्याखाली आहे. माझ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी आहे, आणि रद्दीला कुठेच वळायचे नसते.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू कुरकुरली तर तिला लगेच गप्प करू नका. ती कोणत्या बाजूला कुरकुरते, तेवढे आधी ऐका. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे, आम्रपालीसाठीही.

फेब्रुवारी ते एप्रिल विमलाबाई नाशिकला लेकीकडे होत्या. खालच्या घराला कुलूप होते.