पट्टीखालची अक्षरं

छकुलीचा बारावीचा फिजिक्सचा पेपर परवावर आला होता आणि लासुर्ण्यात तिची धाकटी बहीण राजेश्वरी मात्र निवांत होती. क्लासच्या सव्वीसच्या सव्वीस व्हिडिओंवर तिनं स्वतः अक्षरं बसवली होती, आता कशाची भीती! छकुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. ओठ वाचायला ती पटाईत, पण बारामतीच्या क्लासचे सुयोग सर अख्खा धडा फळ्याकडं तोंड करून शिकवायचे. पाठीला कुठले आलेत ओठ? म्हणून राजेश्वरीनं धीर करून सरांना गाठलं, परवानगी काढली आणि दिवाळीपासून रोज शाळा सुटली की एकेक वाक्य ऐकून व्हिडिओच्या तळाला टाइप केलं. झालेला व्हिडिओ क्लासच्या ॲपवर चढला, की मोबाइलमधून पुसायचा. जागाच नसायची.

उजळणीला छकुलीनं पहिला व्हिडिओ उघडला आणि राजेश्वरीला हाताला धरून ओढतच आणलं. तळाला, नेमकी अक्षरांवरच, लाल-पिवळी पट्टी आली होती. क्लासचे संस्थापक सर्जेराव आबा यांना एकसष्टीच्या हार्दिक शुभेच्छा, शुभेच्छुक समस्त विद्यार्थी. कडेला गॉगल घातलेले आबा. सगळ्या व्हिडिओंवर तेच. चौकाचौकात फ्लेक्स लागले, मग ॲपनंच काय घोडं मारलंय, असं कुणाला तरी वाटलं असणार.

राजेश्वरी मिळेल त्या एसटीनं बारामतीला गेली. आबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"आगं, पर आवाज हाय की जशाच्या तसा. बिघडलंय कुठं?"

"ताईला ऐकूच येत न्हाय, आबा. ती वाचती."

आबांनी चहा सांगितला आणि पट्टी आत्ताच्या आत्ता काढा म्हणाले. सुयोग सरांनी मान वर केली नाही. पट्टी चिकटवून जुन्याच फायलींवर सेव्ह केलं होतं, मूळचं काही उरलं नव्हतं. पोरीनं मजकूर वेगळा ठेवला असेल तर बघू, म्हणाले. पोरीनं कुठंच ठेवला नव्हता. चहावर साय धरली.

"म्होरल्या वर्षी तिचं समदं नीट करू," आबा म्हणाले. "वाढदिवस काय रोज येतो व्हय?"

ती परतली तेव्हा छकुली वही घेऊन बसली होती. पट्टीच्या वर अक्षरांची नुसती डोकी राहिली होती, रेघ आणि तिच्यावर डोकावणाऱ्या वेलांट्या, मात्रा. तेवढ्यावरून तिनं तीन पानं अंदाजानं भरली होती. राजेश्वरीनं वाचली. दुसऱ्या ओळीपासून सगळं चुकलं होतं.

ती कानाला मोबाइल लावून ऐकेल ते कागदावर उतरवायला बसली. बारा मिनिटांच्या धड्याला सव्वा तास गेला. असे पंचवीस राहिले होते, तेही बहुतेक याहून लांब. छकुलीनं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा बहिणीच्या बोटांकडं. मग वही ओढून तिनं लिहिलं, 'राहू दे. तुझी दहावी पण जवळ आलीय. तुझा अभ्यास कर.'

राजेश्वरीनं ते वाचलं आणि पुढचा धडा लावला. ती लिहीतच राहिली. कागद एकेक करून पलीकडं सरकवत होती, पण छकुली आता ते उचलत नव्हती.