नऊ टिचक्या

तिने बाळाच्या कपाळावर शेवटची तार चिकटवली, छातीवरचा पट्टा जरा सैल केला आणि मगच खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत वन्सं बसल्या होत्या, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. एकोणीस वर्षांनी दोघी समोरासमोर आल्या होत्या. वन्संच्या लेकीला जागरणाने ताप भरला, म्हणून दुपारच्या झोपेच्या तपासणीला नातवाला घेऊन त्याच आल्या होत्या.

“तू इथे कामाला आहेस?”

“हो. लोक झोपतात, मी जागी राहते.”

वन्संनी पदर सारखा केला. याच बाईने भरल्या घरात म्हटलं होतं, ‘बाळ गुदमरलं तर धडपडत नाही का? पण हिला जाग येईल तर ना! आमच्या रक्तात असलं काही नाही.’ तेव्हापासून नातेवाइकांत तिचं नाव ‘झोपाळू’ पडलं. तिचा मुलगा झोपेतच गेला, तेव्हा दीड महिन्याचा होता.

“डोळा लागू देऊ नका, वन्सं.”

“मला सांगतेस? नातू आहे माझा.”

बाळ झोपलं. दहा मिनिटांत वन्संची मानही छातीवर कलली. त्यांनीही दोन रात्री बसून काढल्या होत्या. तिने त्यांना हलवलं नाही. स्टूल तेवढं बाळाजवळ ओढलं.

पडद्यावरची श्वासाची रेघ बसत बसत सपाट झाली. प्राणवायूचा आकडा उतरू लागला. दुसऱ्या कुठल्याही बाळाचं काळीज एव्हाना धावत सुटलं असतं, त्याने हातपाय झाडले असते. याच्या ठोक्यांची रेघ मात्र संथ चालली होती. रडणं नाही, कण्हणं नाही. तिने तळपायाला टिचकी मारली. बाळाने श्वास घेतला. तिने वेळ लिहिली.

तारा काढताना वन्संना जाग आली.

“अगं बाई! डोळा लागला की काय माझा?”

“पावणेदोन तास. तेवढ्यात त्याचा श्वास नऊ वेळा थांबला.”

“आणि तू मला उठवलं नाहीस?”

“मला कोणी उठवलं होतं?”

तिने छापलेला कागद त्यांच्यासमोर धरला.

“ही श्वासाची रेघ. ही ठोक्यांची. बघा, धडपडलाय का कुठे.”

वन्संनी रेघेवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत. मग परत मागे आणलं.

“हा दोष रक्तातून येतो,” ती म्हणाली. “तुमच्याही रक्ताची तपासणी होईल. आणि हा अर्ज भरा. कुटुंबात आधी कुठलं बाळ असं गेलं असेल तर लिहायचं.”

“तूच लिही ना. माझा चष्मा...”

“गळ्यातच आहे.”

वन्संनी चष्मा लावला. ‘भावाचा मुलगा’ लिहिलं. ‘वय दीड महिना’ लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन अडलं.

“कारण काय लिहू?”

“तुम्हीच लिहा. तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत.”

पेन तसंच राहिलं. बाळाच्या पापण्या पुन्हा जड होऊ लागल्या होत्या. ती स्टुलावर बसली आणि तिने त्याचा लालसर तळपाय मुठीत धरला.